ॲल्युमिनियमची जुनी होडी अंगणात दुरुस्त करण्यापूर्वी: तयारीची यादी

होडी दुरुस्तीला काढायची असेल तर फेब्रुवारी आणि मार्च हे दोन महिने राखून ठेवावेत. मराठवाड्यात एप्रिल लागला की उन्हातल्या ॲल्युमिनियमच्या पत्र्यावर हात ठेववत नाही, कालवलेले इपॉक्सी (दोन भाग मिसळून लावायचे, वाळून कडक होणारे रसायन) लावण्याआधी डब्यातच घट्ट होते आणि रंगाचा वरचा थर आतल्या थराआधी वाळून त्याला फोड येतात. जून उजाडला की हवेतल्या ओलाव्यामुळे रंगाचे काम आज-उद्या करत लांबते आणि जायकवाडीत नवे पाणी येऊ लागले तरी होडी अंगणातच पडून राहते. अंगणात सावली नसेल तर आधी शेडनेट बांधून घ्यावे आणि मगच होडी आणण्याची गडबड करावी.

हातमोजे, चष्मा, तोंडाला मास्क, ड्रिल आणि वीजजोडणी यांविषयी मी काही लिहीत नाही. ज्याला हे सांगावे लागते त्याने ग्राइंडरला हात न लावलेला बरा.

खरेदीची सुरुवात रंगापासून करू नये. सर्वांत आधी नायलॉनचे वॉशर, बोल्टावर चढतील अशा नायलॉनच्या बुशी, रबरी पट्टी आणि पॉलियुरेथेन सीलंट आणावे. ॲल्युमिनियम आणि दुसरा कोणताही धातू यांच्यामध्ये आडपडदा हवा, हे या यादीतले सर्वांत महत्त्वाचे कलम आहे, आणि मागच्या होडीच्या वेळी माझ्याकडून नेमके तेच राहून गेले. दोन वेगळे धातू एकमेकांना टेकले आणि त्यांच्या सांध्यात पाणी साचून राहिले की तिथे लहानसा विद्युत घट तयार होतो. त्यात ॲल्युमिनियम झिजते आणि लोखंड, तांबे किंवा पितळ शाबूत राहते. त्या होडीत मोटारीसाठी मागच्या फळीवर लोखंडी अँगल थेट पत्र्याला लावून आवळला होता. वरून रंग नवाकोरा दिसत होता. काही काळाने अँगलच्या कडेला रंगाखाली बारीक फुगे आले; एक फुगा नखाने उचलला तर खाली ओलसर पांढरी भुकटी निघाली, आणि ती पुसल्यावर बोल्टाचे गोल भोक लांबट झालेले दिसले. बोल्ट जागच्या जागी घट्टच होता, त्याच्या भोवतीचा पत्रा मात्र संपला होता.

यावर हमखास ऐकू येणारे उत्तर म्हणजे, हे सगळे समुद्राच्या खाऱ्या पाण्यात होते, आपल्या गोदावरीच्या पाण्याला काय होणार. गोड्या पाण्यात ही झीज सावकाश होते, एवढेच त्यात खरे आहे. होडीच्या तळाशी फळ्यांखाली जे पाणी साचते त्यात गाळ, शेतातून वाहून आलेल्या खतांचे क्षार, माशांचे रक्त आणि खारवलेल्या मासळीचे मीठ असते, आणि ते आठवडेच्या आठवडे तसेच राहते. मोठ्या पत्र्यात स्टेनलेसचा एखादा लहान स्क्रू असेल तर नुकसान त्या स्क्रूभोवतीच राहते. पण दुसऱ्या धातूचा तुकडा जितका मोठा, तितका पत्रा लवकर खाल्ला जातो. म्हणून लोखंडी अँगल, पितळी कडी किंवा तांब्याची पट्टी पत्र्याला उघडी टेकता कामा नये. वॉशर स्वस्त असतात. ते मोजून न आणता पुडकेच्या पुडके आणावे.

त्याच फेरीत एक लोहचुंबकही विकत घ्यावा आणि काम संपेपर्यंत खिशात ठेवावा. दुकानदार ॲल्युमिनियमचे म्हणून जे रिवेट देतो ते चुंबकाला दाखवावेत. साध्या पॉप रिवेटची बाहेरची नळी ॲल्युमिनियमची असली तरी आतली खीळ बहुधा लोखंडी असते. रिवेट ओढला की खिळीचे डोके आतच अडकून राहते आणि पुढे गंजते. मध्ये आडपडदा घालण्याची एवढी खटपट करून रिवेटच्या पोटातच लोखंड ठेवण्यात काही अर्थ नाही. बंद तोंडाचे आणि खीळही ॲल्युमिनियमची असलेले रिवेट मागावेत. पितळ मात्र चुंबकाला चिकटत नाही, ते डोळ्यांनीच ओळखावे लागते.

आपल्या भागात थर्माकोलचे चप्पू (छोटे तराफे) आणि लोखंडी पत्र्याच्या होड्या अधिक. ॲल्युमिनियमची होडी हाती येते ती बहुधा लिलावातून किंवा भंगारातून, आणि तिच्यावर आधी कोणी ना कोणी हात फिरवलेला असतो. डांबर, एम-सील, सिमेंट आणि सिलिकॉन यांची ठिगळे कुठे आहेत ते सौदा करण्याआधीच पाहावे. पोचे आले असतील तर चिंता करू नये. तळाचा कणा वाकलेला असेल किंवा सांध्याच्या रेषेत लांब चीर असेल तर मात्र भंगाराच्या भावापेक्षा अधिक पैसे देऊ नयेत. घरी आणल्यावर होडी जुन्या टायरांवर किंवा रबर बांधलेल्या लाकडी ओंडक्यांवर ठेवावी. उघड्या लोखंडी स्टँडवर ठेवू नये, त्याचे कारण वर सांगितलेच आहे. नुकत्याच केलेल्या सिमेंटच्या कोब्यावरही ठेवू नये, कारण ओल्या सिमेंटमधला क्षार ॲल्युमिनियमला खातो.

आता आतल्या फळ्या, बैठका आणि जुना फोम काढून टाकावा. फोमचा तुकडा हाताने पिळून पाहिला की होडी उचलताना इतकी जड का वाटत होती ते कळते. त्यानंतर घासण्यापूर्वी आणि रंगापूर्वी होडीत पाणी भरून गळती पाहावी. तळाच्या सांध्यांच्या जरा वर येईल इतकेच पाणी पुरते. साडेतीन मीटर लांबीच्या होडीत दहा सेंटिमीटर पाणी म्हणजे साधारण तीनशे ते चारशे लिटर, म्हणजेच तेवढेच किलो वजन, आणि खालचे आधार कमी असतील तर त्या वजनाने तळ वाकतो. बाहेरून जिथे थेंब दिसेल तिथे मार्करने गोल करावा. थेंब ओघळून खाली येतो, म्हणून खूण तो जिथे लोंबतो तिथे न करता जिथून निघतो तिथे करावी. टँकरची वाट पाहणाऱ्या गल्लीत होडीत पाणी भरणे लोकांच्या डोळ्यांवर येते, तेव्हा हे काम उन्हाळ्यावर ढकलू नये आणि झाल्यावर पाणी पाइपने झाडांना सोडावे.

साफसफाईसाठी लोखंडी तारेचा ब्रश वापरू नये. त्याचे बारीक कण पत्र्यात रुततात आणि प्रत्येक कणाभोवती तीच झीज सुरू होते, फक्त तिथे वॉशर घालण्याची सोय नसते. नायलॉनचा ब्रश किंवा कधीही लोखंडावर न वापरलेला स्टेनलेसचा ब्रश घ्यावा. ग्राइंडरची चकतीही नवी असावी. नाली साफ करण्याचा कॉस्टिक सोडा आणि संडास धुण्याचे ॲसिड दूर ठेवावे. सोड्याने घासलेले जर्मनचे पातेले काळे पडते, तसाच हा पत्राही पडतो. कॉस्टिक तर त्याला सरळ विरघळवते आणि त्यातून हायड्रोजन वायू निघतो. पाण्याच्या क्षारांचे पांढरे डाग पातळ केलेल्या व्हिनेगरने निघतात. जुना रंग काढताना घासकागद पाण्यात भिजवून घासावे, कारण जुन्या रंगांत शिसे आणि क्रोमेट असण्याची शक्यता असते.

सैल झालेला रिवेट लगेच काढू नये. एकाने आतून जड डॉली (ठोका झेलणारा धातूचा ठोकळा) टेकवून धरावी आणि दुसऱ्याने बाहेरून हातोडीने हलके ठोके द्यावेत. पुष्कळशी गळती एवढ्यानेच थांबते. जोरात ठोकले तर भोक पसरते आणि मग मोठा रिवेट घालण्यावाचून गत्यंतर राहत नाही. हे काम एकट्याने होत नाही, म्हणून ज्याच्याशी पटते असा माणूस आधीच सांगून ठेवावा. नवा रिवेट घालताना भोकात सीलंट भरूनच घालावा. सांध्यावर कडक लांबी (पुट्टी) फासू नये, कारण ॲल्युमिनियम उष्णतेने पुष्कळ प्रसरण पावते: चाळीस अंशांच्या फरकाने चार मीटरचा पत्रा साडेतीन मिलिमीटरहून अधिक वाढतो आणि लांबीला तडे जातात. घरात उरलेली आंबट वासाची सिलिकॉनची नळीही वापरू नये. तिच्यातून सुटणारे ॲसिड पत्र्याला चांगले नाही आणि तिच्यावर रंगही धरत नाही.

चीर असेल तर वेल्डिंगवाल्याकडे जाताना अंगणातला नेहमीचा लोखंडाचा वेल्डर नको. छत्रपती संभाजीनगरजवळच्या वाळूज किंवा चिकलठाण्याच्या औद्योगिक वसाहतीत ॲल्युमिनियमचे आर्गन वेल्डिंग करणारा शोधावा आणि त्याला पत्रा दाखवून कोणती तार वापरणार ते विचारावे. ॲल्युमिनियम सुमारे ६६० अंश सेल्सियसला वितळते, पण त्यावरचा ऑक्साइडचा थर २००० अंशांपलीकडे वितळतो, आणि लोखंडाप्रमाणे हा पत्रा वितळण्यापूर्वी लाल होऊन सूचना देत नाही. म्हणून चिरेच्या दोन्ही बाजू घासून स्वच्छ करूनच न्याव्यात. आत फोमचा तुकडाही राहिलेला नसावा. जळत्या फोमचा धूर विषारी असतो.

मागच्या फळीचे लाकूड बहुतेक वेळा कुजलेले निघते. नवे घेताना आयएस ७१० या भारतीय मानकाची मरीन प्लाय घ्यावी, पण ती थेट पत्र्याला लावू नये. वाळवी आणि बुरशीपासून वाचवण्यासाठी लाकडावर आणि प्लायवर जी प्रक्रिया करतात तिच्यात अनेकदा तांब्याचे क्षार असतात, आणि ओल लागली की तेच तांबे पत्र्याशी भिडते. पुन्हा सांगतो, धातूचा तुकडा दिसत नसला तरी इथेही आडपडदा हवाच. प्लायच्या सर्व बाजू, कडा आणि बोल्टांच्या भोकांच्या आतल्या भिंतीसुद्धा इपॉक्सीने दोन-तीन वेळा भराव्यात, भोकात बुशी बसवावी आणि मगच बोल्ट घालावा. तळाचे पाणी सोडण्याचे बुचही पितळी नको, रबरी किंवा नायलॉनचे असावे. मोटारीचा अँगल लोखंडीच वापरायचा असेल तर त्याखाली पूर्ण लांबीची रबरी पट्टी, बोल्टावर बुशी आणि दोन्ही बाजूंना नायलॉनचा वॉशर घालावा. यांपैकी एकही गोष्ट कमी पडली आणि बोल्टाची दांडी भोकाच्या कडेला टेकली, तर बाकीच्या दोन्ही निरुपयोगी ठरतात.

फोमच्या जागी मासळीच्या पेट्यांचे थर्माकोल भरू नये; ते सावकाश पाणी धरते आणि त्यावर पेट्रोल सांडले तर विरघळते. बंद पेशींचा दाट फोम घ्यावा. शंभर लिटर फोम पाण्यात साधारण ९५ किलो वजन तोलून धरतो, हे लक्षात घेऊन हिशेब करावा, आणि तो तळाला चिकटवून टाकू नये, म्हणजे खालून पाणी बुचाकडे वाहू शकते. पेट्रोलची टाकी फोमपासून दूर ठेवावी.

रंगात एच प्रायमर (etch primer, म्हणजे धातूला किंचित खाऊन धरून बसणारा पहिला थर) महत्त्वाचा. घासल्यावर पत्र्यावर ऑक्साइडचा थर पुन्हा चढू लागतो, म्हणून सकाळी जितके घासले तितक्यावर त्याच दिवशी प्रायमर लावावा. शेवाळ धरू नये म्हणून तांबे असलेला रंग विकतात, तो ॲल्युमिनियमवर कधीही लावू नये. रंगाची छटा कोणती घ्यायची ती घ्यावी, गडद रंगाची होडी उन्हात अधिक तापते एवढेच सांगतो. दोन पातळ हात पुरेत.

जोडणी करताना घाई होते, आणि घाईत नेमके वॉशर राहतात. प्रत्येक बोल्ट आवळण्याआधी त्याच्याखाली काय आहे ते बोटाने चाचपून पाहावे. बॅटरी लावली तर तिची ऋण तार पत्र्याला जोडू नये. तळाला गालिचा टाकू नये, तो ओल धरतो. वल्ही, दोर, नांगर, पाणी उपसायचा डबा आणि जितकी माणसे तितकी जीवरक्षक जॅकेट. मासेमारीचा हक्क कोणत्या सहकारी संस्थेकडे आहे ते आधी विचारावे, आणि नाथसागरावर (जायकवाडी धरणाच्या जलाशयावर) जाणार असाल तर तिथे १९८६ पासून पक्षी अभयारण्य आहे, तेव्हा वन विभागाचे नियमही.

पहिल्यांदा पाण्यात सोडताना होडी दोराने काठाला बांधून तासभर तशीच ठेवावी आणि जुन्या खुणांच्या जागा कोरड्या आहेत का ते पाहावे. नाथसागराचा विस्तार सुमारे ३५० चौरस किलोमीटर आहे आणि वारा सुटला की लाटा मोठ्या होतात, म्हणून पहिली फेरी काठाकाठानेच करावी. परत आल्यावर सर्व बोल्ट पुन्हा आवळावेत, कारण सीलंट दबले की ते ढिले पडतात. आवळताना एखादा वॉशर फुटला तर तो तिथेच बदलावा, पुढच्या वेळी पाहू म्हणून तसाच सोडू नये.