एका पिक्चरला खरे किती पडतात? भाडे, खरेदी, डिस्क आणि पेनड्राइव्हचा हिशेब

पिक्चरची किंमत काढायची रीत सोपी आहे. जेवढे पैसे गेले, त्यांना तो किती वेळा बघितला त्या आकड्याने भागायचे. ‘फुकट मिळतो का’ आणि ‘महिन्याला किती’ हे प्रश्न त्यानंतरचे. हा भागाकार केला की बऱ्याच घरांत असे दिसते की, महागडा वाटणारा सौदा स्वस्त होता आणि फुकटातला महागात पडला.

आधी भाड्याने बघण्याचे. प्राइम व्हिडिओने भारतात भाड्याचे दुकान एप्रिल २०२२ मध्ये उघडले, तेव्हा दर ६९ पासून ४९९ रुपयांपर्यंत होते. यूट्यूब आणि अ‍ॅपलवरही भाड्याने पिक्चर मिळतात. नियम सगळीकडे जवळपास सारखा असतो. पैसे भरल्यावर सुरू करायला ३० दिवस, आणि एकदा सुरू केला की संपवायला साधारण ४८ तास. लोक इथेच फसतात. ‘चालतो का बघू’ म्हणून शुक्रवारी दोन मिनिटे लावतात आणि रविवारी संध्याकाळी सगळे जमल्यावर मुदत संपलेली असते. घड्याळ प्ले दाबल्यापासून चालते. वीज गेली, नेट गेले, तरी ते थांबत नाही. म्हणून चाचणी घ्यायची तर ट्रेलरवर घ्या. भाडे भरण्याआधी भाषा आणि सबटायटल तपासा, कारण काही ठिकाणी एकाच पिक्चरच्या हिंदी आणि मूळ भाषेतल्या आवृत्त्या वेगवेगळ्या विकतात.

खरेदीचा दर भाड्याच्या दराने भागा. समजा भाडे ११९ आणि खरेदी ५९०. म्हणजे पाचव्यांदा बघाल तेव्हा खरेदी फिटली. लहान पोरांचा पिक्चर असेल तर पाच वेळा एका सुट्टीत होतात. मोठ्यांचा रहस्यपट पाच वेळा कोण बघतो?

आता महिन्याचे आणि वर्षाचे पॅक. प्राइमचा दर वर्षाला १,४९९, तीन महिन्यांना ५९९ आणि महिन्याला २९९ असा आहे (पैसे भरायच्या दिवशी एकदा बघून घ्या). महिन्याला दोन पिक्चर धरले तर वर्षाचे २४, म्हणजे एकाला ६२ रुपये. वर्षात सहाच बघितले तर एकाला २५०, त्यापेक्षा भाड्याने घेतलेले बरे. शेतकऱ्याच्या घरी मृगाच्या पेरणीपासून सोयाबीन काढेपर्यंत टीव्हीसमोर बसायला सवड कोणाला असते? अशा घराने दिवाळीनंतर आणि उन्हाळ्यात, गरजेपुरते महिने घ्यावेत. २९९ गुणिले ५ म्हणजे १,४९५. पाच महिन्यांपर्यंत सुटे महिने वर्षाच्या पॅकपेक्षा स्वस्त किंवा बरोबरीत पडतात, आणि लागून तीन महिने हवे असतील तर ५९९ वाला त्याहून स्वस्त. जून २०२५ पासून प्राइमच्या साध्या पॅकमध्ये जाहिराती येतात. त्या नको असतील तर वरचे पैसे वेगळे, ते हिशेबात धरा.

नेटफ्लिक्सने डिसेंबर २०२१ मध्ये दर उतरवून १४९, १९९, ४९९ आणि ६४९ असे चार टप्पे केले. १४९ वाला मोबाइल किंवा टॅबपुरताच, टीव्हीवर चालत नाही. घरात सगळ्यांनी मिळून बघायचे असेल तर तो घेऊन उपयोग नाही, १९९ पासून पुढचाच बघावा.

पॅक घेतला त्याच दिवशी यूपीआयच्या अ‍ॅपमध्ये ‘ऑटोपे’ उघडून तो मँडेट, म्हणजे आपोआप पैसे कापायची परवानगी, रद्द करून टाका. भरलेल्या मुदतीपर्यंत पिक्चर बहुधा चालू राहतात, पुढचे पैसे मात्र आपोआप कापले जात नाहीत. पैसे कापण्याच्या २४ तास आधी सूचना येते, पण ती रिचार्जच्या आणि लोनच्या मेसेजच्या ढिगात वाचते कोण.

नेटचा खर्च कोणी धरत नाही

नेटफ्लिक्सच्या हिशेबाने साध्या दर्जाला तासाला १ जीबी, एचडीला ३ जीबी आणि ४केला ७ जीबीपर्यंत डेटा जातो. अडीच तासांचा पिक्चर एचडीत म्हणजे साडेसात जीबी. रोजच्या दीड जीबीच्या रिचार्जवर तो पाच दिवसांचा कोटा झाला. वायफाय नसेल तर साधा दर्जा निवडा, अडीच जीबीत भागते. त्यातही एक युक्ती आहे. बहुतेक रिचार्जमध्ये रोजचा कोटा रात्री १२ ला नव्याने सुरू होतो. दिवसभराचा डेटा राखून साडेअकराला अ‍ॅपमधले अधिकृत डाउनलोड लावा. १२ च्या आधी एक कोटा आणि नंतर दुसरा, असा एका रात्रीत पिक्चर उतरतो. रेंज कमी असलेल्या गावात तर चालू ठेवून बघण्यापेक्षा हेच बरे, मधे अडकत नाही.

एचडीचे पैसे भरूनही चित्र धूसर दिसते, ही तक्रार कायमची. कारण बहुतेक वेळा फोनमध्ये असते. पिक्चर कुलूपबंद येतो आणि अँड्रॉइडवर त्या कुलपाचे नाव वाइडवाइन. स्वस्तातल्या काही फोनना त्याची एल३ पातळीच असते, आणि एल३ वर बहुतेक सेवा एचडी सोडत नाहीत. नेटफ्लिक्स अ‍ॅपच्या सेटिंग्जमध्ये ‘प्लेबॅक स्पेसिफिकेशन’ उघडले की पातळी दिसते. एल१ असेल तर एचडी मिळेल. एल३ असेल तर महागडा पॅक त्या फोनसाठी वाया आहे. बिननावाचे अँड्रॉइड बॉक्स आणि स्वस्त प्रोजेक्टर यांचीही हीच गत. लॅपटॉपला जुना प्रोजेक्टर जोडला आणि आवाज येतो पण पडदा काळा, असे झाले तर एचडीसीपी नावाची, चोरी रोखणारी जुळणी नाही असे समजा. केबल बदलून क्वचितच काही होते. दुकानातून नवीन डोंगल आणण्याआधी टीव्हीवरचेच अ‍ॅप वापरून बघा.

‘विकत घ्या’ या बटणाबद्दल एक गोष्ट पक्की लक्षात ठेवावी. तुम्हाला मिळतो तो बघण्याचा परवाना, पिक्चर नव्हे. कॅलिफोर्नियाने तर जानेवारी २०२५ पासून दुकानांना हे ग्राहकाला स्पष्ट सांगायला लावले आहे. अल्ट्राव्हायलेट नावाची पिक्चरची डिजिटल तिजोरी होती, ती जुलै २०१९ अखेर बंद झाली. त्यामुळे ज्या ईमेलवर खरेदी केली तो पासवर्डसह वहीत लिहून ठेवा. नवीन फोन, नवीन ईमेल, आणि जुन्या खात्यातले पिक्चर गेले, ही चूक कंपनी बंद पडण्यापेक्षा जास्त घडते.

डिस्क: कोणासाठी, आणि घेताना काय बघायचे

मोझर बेअर या डिस्क बनवणाऱ्या कंपनीने २००७ च्या सुमारास व्हीसीडी २८ आणि डीव्हीडी ३४ रुपयांना आणली होती. पायरेटेड शीडीशी भावातच टक्कर द्यायची, असा तो डाव होता. ते दिवस गेले. आता नवीन मराठी पिक्चरची डिस्क मिळणे दुर्मीळ, आणि डिस्कचा खरा ग्राहक म्हणजे चित्र-आवाजाचा शौकीन किंवा जुने पिक्चर जमवणारा.

दर्जाचा फरक मात्र खरा आहे. डीव्हीडीत एका थराला ४.७ जीबी, दोन थरांना ८.५. ब्ल्यू-रेत २५ आणि ५० जीबी, ४के डिस्कमध्ये १०० पर्यंत. वरच्या हिशेबाने अडीच तासांचा एचडी पिक्चर नेटवरून साडेसात जीबीत येतो. तोच ब्ल्यू-रेवर त्याच्या तिपटी-चौपटीने जागा घेऊ शकतो. अंधारातले प्रसंग आणि आवाज यात ते जाणवते, पण चांगला टीव्ही आणि स्पीकर असेल तरच. ३२ इंची टीव्हीसाठी ब्ल्यू-रेचा खर्च करू नये, हे आमचे स्पष्ट मत.

हिशेबात प्लेअर धरायला विसरू नका. २,००० चा प्लेअर आणि ४० डिस्क, म्हणजे प्रत्येक डिस्कवर ५० रुपये वाढले. नवीन टीव्हीला लाल-पांढऱ्या-पिवळ्या पिनांची जागा नसते. तिथे बारीक एव्ही भोकाला लागणारी जोडवायर वेगळी घ्यावी लागते, नाहीतर एचडीएमआय असलेला प्लेअर. लॅपटॉपला यूएसबी ड्राइव्ह लावणार असाल तर विंडोज १० आणि ११ स्वतःहून डीव्हीडी चालवत नाही, व्हीएलसी हा फुकटचा प्लेअर टाका. बाहेरदेशातून मागवताना रीजन, म्हणजे डिस्क जगाच्या कोणत्या भागातल्या प्लेअरवर चालते ती खूण, बघा. डीव्हीडीत भारत ५ मध्ये आणि अमेरिका १ मध्ये येते. ब्ल्यू-रेत भारत सी, अमेरिका ए. ४के डिस्कला रीजन नसतो. लॅपटॉपच्या ड्राइव्हचा रीजन साधारण पाचदाच बदलता येतो, पाचव्यांदा जो ठेवाल तो कायमचा.

जुनी डिस्क रद्दीवाल्याकडे किंवा आठवडी बाजारात मिळाली तर पैसे देण्याआधी उलटी करून उजेडात धरा. कारखान्यात छापलेली डिस्क खालून चंदेरी दिसते, दोन थरांची किंचित सोनेरी. जांभळट किंवा निळसर दिसली तर ती कोणीतरी कम्प्युटरवर बर्न केलेली आहे, मग वरचे कव्हर कितीही चकचकीत असो. मधल्या भोकाजवळच्या कड्यावर बारीक कोरीव अक्षरे-आकडे असतात, नकली डिस्कवर त्यांच्या जागी नुसता कोऱ्या डिस्कच्या कंपनीचा क्रमांक सापडतो. ट्यूबलाइटसमोर धरल्यावर टाचणीएवढी भोके चमकली तर आतला थर उडाला आहे, ती घेऊ नका. ओरखडे मधून कडेकडे जाणारे असतील तर बहुधा चालून जातात, गोल फिरणारे असतील तर पिक्चर तिथे अडकतो. पुसतानाही याच कारणाने मऊ सुती कापडाने मधून बाहेर सरळ पुसायचे, गोल नाही.

परभणी-नांदेडकडचा उन्हाळा आणि पत्र्याचे घर, या जोडीत डिस्क टीव्हीच्या मागे किंवा माळ्यावर ठेवली की वाकते. उभी, डबीत आणि भिंतीपासून लांब ठेवा. प्लेअर ‘नो डिस्क’ म्हणायला लागला तर दर वेळी डिस्क खराब नसते. आतल्या भिंगावर धूळ बसते, लेन्स साफ करायची डिस्क एकदा फिरवून बघा.

पेनड्राइव्ह भरून घेणे

दुकानात दहा-वीस रुपयांत नवा पिक्चर भरून मिळतो आणि टेलिग्रामवर फुकट. नुसते रुपये मोजले तर यापेक्षा स्वस्त काही नाही, हे कबूल केलेच पाहिजे. पण भागाकार पूर्ण करा. टाकीजमध्ये कॅमेऱ्याने काढलेली प्रिंट दोन जीबी खाते आणि अर्धा पिक्चर डोकी दिसतात. म्हणजे डेटा गेला आणि नीट बघण्यासाठी पैसे पुन्हा गेलेच. दुकानातल्या कम्प्युटरला दिवसात पन्नास पेनड्राइव्ह लागतात, त्यातून शॉर्टकट व्हायरस घरी येतो आणि फोल्डर गायब दिसतात.

सगळ्यात महागडी गोष्ट म्हणजे ‘हे अ‍ॅप टाका, सगळे पिक्चर फुकट’. पिक्चरची फाइल एपीके किंवा ईएक्सई कधीच नसते, त्या फोनवर किंवा कम्प्युटरवर काहीतरी बसवणाऱ्या फाइली. असे अ‍ॅप मेसेज वाचायची परवानगी मागते आणि मग ओटीपी त्याच्या हातात जातो. टाकून झाले असेल तर आधी फोन फ्लाइट मोडवर घ्या, दुसऱ्या फोनवरून बँकेला सांगून खाते थांबवा. पैसे गेले असतील तर लगेच १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनला फोन करा. उशीर झाला तर पैसे पुढे सरकतात.

कायदा कोणावर येतो, तेही बघा. कॉपीराइट कायद्याच्या कलम ६३ ला किमान सहा महिने ते तीन वर्षे कैद आणि ५० हजार ते २ लाख दंड आहे. भरून विकणारा दुकानदार थेट त्यात येतो. टाकीजमध्ये चोरून चित्रीकरण करणाऱ्यासाठी सिनेमॅटोग्राफ कायद्याच्या २०२३ च्या दुरुस्तीने तीन महिने ते तीन वर्षे कैद आणि किमान ३ लाख दंड ठेवला आहे. दंडाची कमाल मर्यादा निर्मितीखर्चाच्या ५ टक्क्यांपर्यंत जाते.

कित्येक जुने मराठी पिक्चर अधिकृतपणे कुठे मिळतच नाहीत, हे मात्र खरे दुखणे आहे. पेनड्राइव्हकडे जाण्याआधी या क्रमाने शोधा. आधी जस्टवॉच या साइटवर भारत निवडून नाव टाका, कुठे भाड्याने आणि कुठे पॅकमध्ये आहे ते दिसते. मग यूट्यूबवर निर्मात्याच्या किंवा हक्क घेतलेल्या कंपनीच्या चॅनेलवर, तिथे जाहिरातींसह पूर्ण पिक्चर असतात. चित्र उलटे फिरवलेले, चौकट लहान केलेली किंवा आवाज बदललेला असेल तर तो चोरीचा, लवकरच उडेल. शेवटी प्रसार भारतीचे वेव्हज हे अ‍ॅप, २०२४ मध्ये सुरू झालेले.

गणेश मंडळाने किंवा ग्रामपंचायतीने पडदा लावून पिक्चर दाखवायचा असेल तर भाड्याचा, पॅकचा किंवा डिस्कचा, कुठलाही पैसा पुरत नाही. ते सगळे घरापुरते असते. सार्वजनिक खेळासाठी हक्कधारकाची लेखी परवानगी लागते. शाळेला कॉपीराइट कायद्याच्या कलम ५२ ची सवलत आहे, पण प्रेक्षक विद्यार्थी, शिक्षक, पालक आणि शाळेशी संबंधित मंडळी एवढेच हवेत. गावाला आमंत्रण दिले की सवलत गेली.

आणि डिस्कचा खोका उघडलाच आहे तर लग्नाच्या, बारशाच्या शीड्या आधी बाजूला काढा. त्या बर्न केलेल्या असतात, त्यांचा रंगथर वर्षांनी फिका पडतो, आणि त्या दुसरीकडे कुठे विकत मिळणार नाहीत. डीव्हीडी असेल तर ‘व्हिडिओ_टीएस’ हे अख्खे फोल्डर कॉपी करा. व्हीसीडी असेल तर ‘एमपीईजीएव्ही’ फोल्डरमधली डॅट फाइल. ६४ जीबीच्या पेनड्राइव्हवर पूर्ण भरलेल्या साधारण बारा डीव्हीडी बसतात. कॉपी मधेच अडकली तर डिस्क पुसून दुसऱ्या ड्राइव्हमध्ये लावा, कारण एका ड्राइव्हला न वाचता येणारी डिस्क दुसऱ्याला बऱ्याचदा वाचता येते. एक प्रत पेनड्राइव्हवर आणि एक बहिणीच्या घरच्या कम्प्युटरवर ठेवा.