कलमाच्या चाकूची स्प्रिंग तुटली तर

थंडीत जंबेरीच्या, म्हणजे रानलिंबाच्या रोपांवर संत्र्याचे डोळे भरायचं (कलम बांधायचं) काम सुरू झालं की माझ्याकडे एक-दोन चाकू येतातच. मी रिटायर्ड फिटर. घराच्या मागच्या पडवीत एक व्हाईस आणि चार कानशी घेऊन बसतो. मागच्या पौषात काटोलकडचा एक नर्सरीवाला रुमालात गुंडाळून चाकू घेऊन आला. "काकाजी, पातं लोंबकळून राहिलं. दुकानदार म्हणे फेका, नवा घ्या." चाकू त्याच्या वडिलांचा, मूठ शिंगाची, पातं घासून घासून अर्धं झालेलं. असा चाकू कोण फेकतं?

घडीच्या चाकूची रचना साधी आहे. मुठीच्या आत दोन्ही बाजूंना पितळी पट्ट्या असतात आणि त्यांच्यामध्ये, मुठीच्या पाठीत एक जाड पोलादी पट्टी असते, तीच स्प्रिंग. एका पात्याच्या चाकूत ती मागच्या टोकाला एका पिनेने आणि मध्ये दुसऱ्या पिनेने धरलेली असते. पुढचं टोक मोकळं असतं, ते पात्याच्या बुडावर दाबून बसतं. पातं फिरलं की हे टोक बाहेर उचललं जातं आणि पुन्हा 'कट्' करून खाली बसतं. दोन्ही टोकांना पाती असतील तर बहुधा मधली पिनच धरते, दोन्ही टोकं मोकळी. रामपुरीची गोष्ट वेगळी. तिच्यात खटका असतो, तिथे हा उपाय चालणार नाही.

टोक बाहेर उचललं की ताण येतो स्प्रिंगच्या आतल्या अंगाला, म्हणजे पात्याकडच्या बाजूला, आणि सगळ्यात जास्त मधल्या पिनेजवळ. संत्र्याचा आंबट रस, सालीचा चीक, पाण्याचा थेंब, सगळं जाऊन बसतं तेही तिथेच. काटोलचा चाकू उघडला तेव्हा तुटलेल्या जागेचा अर्धा भाग तपकिरी, काळपट होता आणि अर्धा चांदीसारखा चकचकीत. काळा भाग म्हणजे जुनी चीर, चकचकीत म्हणजे परवा तुटलेला. स्प्रिंग कित्येक महिने अर्ध्यावर तगून होती, आणि तो बिचारा मुलाला बोलत होता, जोरात उघडलंस म्हणून.

आधी पात्यावर कापडी पट्टी गुंडाळा. पिनांच्या डोक्याभोवती चिकटपट्टी लावून डोकी कानशीने सपाट करा, शिंगावर ओरखडा जाऊ देऊ नका. मूठ भोक असलेल्या लाकडी ठोकळ्यावर ठेवा आणि पंचाने पिना हलक्या हाताने खाली उतरवा. जुनं शिंग सुकलेलं असतं. घाई केली की तडकतं, आणि तसलं शिंग पुन्हा मिळत नाही. तुटलेले दोन्ही तुकडे जपून ठेवा. नव्या स्प्रिंगचा नमुना तेच.

पोलाद कुठलं घ्यावं यावर मला बरेच जण विचारतात. नागपूरच्या इतवारीत लोहाओळीत फिरून स्प्रिंग स्टीलची पट्टी मिळाली तर सर्वांत बरं, जाडी जुन्या स्प्रिंगएवढीच हवी. ट्रकच्या पाट्याचं पोलाद उत्तम, पण तेवढं जाड पातळ करता करता जीव जातो. मशीन हॅक्सॉचं पातं अजिबात नको, त्यातलं पोलाद घरगुती भट्टीत आपलं ऐकत नाही. जुनी कानस चालते, ती लाल करून राखेत रात्रभर थंड होऊ दिली तर.

पण कानशीचे दात पूर्ण घासून काढा. माझी पहिली स्प्रिंग कानशीचीच होती. आतल्या बाजूला एका दाताची केसाएवढी रेघ राहिली. म्हटलं, आत कोण बघतं! आठ दिवसांनी चाकू परत आला. तुटला होता बरोबर त्याच रेघेवर. तेव्हापासून शेवटचं घासणं लांबीच्या दिशेने करतो, आडवं नाही, आणि कडा किंचित गोल ठेवतो.

दोन्ही तुकडे पट्टीवर जुळवून चिकटवा, सुईने रेघ मारा, बाहेरून कापा. भोकं पोलाद मऊ असतानाच पाडा, पितळी पट्टीची भोकं नमुना म्हणून वापरा. मोकळ्या टोकाला थोडा माल जास्त ठेवा. मधल्या पिनेपासून टोकाकडे स्प्रिंग हळूहळू बारीक होत गेली पाहिजे, म्हणजे वाक एकाच जागी साचत नाही. पात्याशिवाय जोडून बघा, टोक साधारण एक मिलिमीटर आत झुकलेलं हवं. हा झुकाव म्हणजेच दाब. पातं घातल्यावर उघडं आणि मिटलेलं, दोन्ही वेळा स्प्रिंगची पाठ पितळी पट्ट्यांशी सपाट आली की पाणी द्यायला, म्हणजे पोलाद कडक करायला घ्या.

पाणी देणं संध्याकाळच्या अंधुक उजेडात करा, उन्हात पोलादाचा रंग कळत नाही. लोहचुंबक चिकटायचं थांबलं की अजून जरासं तापवा, साधारण 800 अंश, आणि कोमट शेंगदाणा तेलात सरळ उभी बुडवा. तेल लोखंडी डब्यात असू द्या, झाकण हाताशी ठेवा, भडका उडू शकतो. आता ती काचेसारखी ठिसूळ झालेली असते, पडली तरी तुटेल. एक बाजू पॉलिश पेपरने चकचकीत करा आणि तव्यात वाळू घेऊन मंद आचेवर ठेवा. रंग चढत जातो: गवती पिवळा, मग तपकिरी, जांभळा, मग निळा. निळा सगळीकडे सारखा आला, म्हणजे 300 अंशांच्या आसपास, की लगेच काढा. जांभळ्यावर थांबलात तर तुटेल, राखाडी होईपर्यंत ठेवलीत तर वाकून वाकडीच राहील. थंड झाल्यावर मी पुन्हा एकदा निळ्यापर्यंत नेतो.

जोडताना आधी सैल पिना घालून तपासा. मग पात्याच्या दोन्ही बाजूंना तेलाने भिजवलेला वहीचा कागद ठेवा आणि पितळी पिनांची टोकं लहान हातोडीने फुलवा. जोराचे दोन ठोके नकोत, हलके पन्नास चालतील. कागद ओढून काढला की पात्याला फिरण्यापुरती जागा उरते.

सांध्यात शिलाई मशीनच्या तेलाचा एक थेंब. आपल्याकडे घरात जवसाचं तेल असतं म्हणून काहीजण तेच घालतात. ते वाळून घट्ट होतं आणि चाकू डिंक लावल्यासारखा चिकटतो. डोळे भरून झाले की चाकू उघडा ठेवून पुसा, कोरडा झाल्याशिवाय मिटू नका.

जुने तुकडे मी काडेपेटीत घालून, वर गावाचं नाव लिहून ठेवतो. कपाटात काटोलच्या आता तीन आहेत.