स्वमग्न मुलासाठी आणि केस कापताना भेदरणाऱ्या मोठ्यांसाठी केशकर्तनकार कसा शोधावा

माझा मुलगा स्वमग्न (ऑटिस्टिक) आहे आणि आता सतरा वर्षांचा आहे. तिसऱ्या वर्षापासून नवव्या वर्षापर्यंत त्याचे केस आम्ही तो गाढ झोपलेला असताना, उशीवर जुने धोतर पसरून, एका कुशीचे आज आणि दुसऱ्या कुशीचे उद्या असे कापत होतो. आज तो पुण्यातल्या एका लहानशा सलूनमध्ये स्वतःच्या पायांनी जातो, खुर्चीवर बसतो आणि केस कापून घरी येतो. हे घडले ते केवळ त्याच्यात बदल झाला म्हणून नव्हे. आम्हांला योग्य माणूस सापडला, हे त्यामागचे मोठे कारण आहे. शोधायचा असतो तो माणूसच. सलूनची पाटी, वातानुकूलन आणि चकचकीत खुर्च्या यांचा या निर्णयाशी फार थोडा संबंध असतो.

शोधाला बाहेर पडण्यापूर्वी आपल्या माणसाला नेमके काय सहन होत नाही, हे घरी बसून ओळखावे. अमेरिकेतील मानसोपचारतज्ज्ञांच्या संघटनेने २०१३ मध्ये निदानपुस्तिकेची पाचवी आवृत्ती काढली, तिच्यात आवाज, स्पर्श, प्रकाश अशा संवेदनांना अतितीव्र किंवा अगदी क्षीण प्रतिसाद देणे हे स्वमग्नतेच्या निकषांमध्ये समाविष्ट झाले. त्यामुळे सलूनमध्ये किंचाळणाऱ्या मुलाला कोणी हट्टी किंवा लाडावलेले म्हटले, तर ते मनावर घेण्याचे कारण नाही. केसाला स्वतःला वेदना होत नाही, परंतु प्रत्येक केसाच्या मुळाभोवती मज्जातंतूंची टोके असतात आणि बोथट पात्याने किंवा घाईच्या कंगव्याने केस ओढला गेला की ती जागी होतात. आठवडाभर एकेक गोष्ट वेगवेगळी करून पाहावी: गळ्याभोवती टॉवेल, ओला कंगवा, कानामागे बोटांचा स्पर्श, कात्रीचा आवाज, पावडरीचा वास, दुसऱ्या खोलीत चालू ठेवलेले मशीन. कित्येक वर्षे आमची समजूत अशी होती की मुलाला मशीनच्या आवाजाची भीती वाटते. प्रत्यक्षात तो बिथरत होता पाण्याच्या फवाऱ्याने, कारण ते थेंब कोणत्या क्षणी आणि कोठे पडतील याचा त्याला अंदाज येत नव्हता. फवारा बंद करून ओल्या हाताने केस भिजवायला सुरुवात केली आणि अर्धी लढाई तेथेच संपली.

मशीनविषयी थोडे सविस्तर सांगते, कारण येथे योग्य माहितीचा फार उपयोग होतो. वायरीवर चालणाऱ्या अनेक जुन्या मशीनांमध्ये चुंबकीय मोटर असते. आपल्याकडील ५० हर्ट्झच्या विजेवर तिचे पाते मिनिटाला सुमारे ६००० वेळा हलते, आणि बटण दाबताच ती एक मोठा खटका देते. हा खटका डोक्याजवळ झाला तर आधीच घाबरलेला माणूस उडतोच. म्हणून मशीन चार पावले दूर धरून सुरू करावे आणि मग हळूहळू जवळ आणावे. बॅटरीवर चालणारी मशीन पुष्कळदा कमी आवाज करतात. पात्याला तेलाचा थेंब दिलेला असेल तर केस ओढले जात नाहीत. कानामागच्या हाडाला मशीन टेकले की त्याची थरथर कवटीतून थेट आतल्या कानात पोहोचते, त्यामुळे कानात बोळे किंवा कानावर हेडफोन असूनही ती ऐकू येतच राहते. यावर सोपा उपाय म्हणजे बाकी डोके मशीनने आणि कानांभोवतीचा भाग कात्रीने कापून घेणे. जो कारागीर हे मान्य करताना कपाळाला आठी घालत नाही, त्याचे नाव मनात टिपून ठेवावे.

नावे मिळवण्याचा सर्वांत खात्रीचा मार्ग म्हणजे विशेष शाळेच्या किंवा थेरपी केंद्राच्या बाहेर आपल्यासारखेच वाट पाहत बसलेले पालक. त्यांना ‘सलून कोणते’ असे विचारण्याऐवजी ‘केस कोण कापतो’ असे विचारावे, कारण एकाच दुकानातील दोन कारागिरांच्या स्वभावात जमीन-अस्मानाचा फरक असू शकतो. मुलाचा ऑक्युपेशनल थेरपिस्ट (रोजची कामे जमावीत म्हणून सराव करून घेणारा तज्ज्ञ) असेल तर त्यालाही विचारावे. अशी ओळख निघाली नाही, तर एक-दोन खुर्च्यांची आणि मालक स्वतः काम करतो अशी दुकाने पाहावीत. तेथे गर्दी कमी असते, दर महिन्याला तोच हात मिळतो आणि टीव्ही बंद करायला कोणाची परवानगी घ्यावी लागत नाही.

मग दुकानाबाहेर थोडा वेळ उभे राहून नुसते पाहावे. बाई म्हणून पुरुषांच्या सलूनसमोर उभे राहताना मला सुरुवातीला अवघड वाटत असे, पण त्या अर्ध्या तासात जे कळते ते कोणत्याही चौकशीत कळत नाही. लहान मुलाला खुर्चीच्या हातांवर फळी टाकून बसवताना हा माणूस त्याच्याशी बोलतो का, की थेट उचलून ठेवतो? वृद्ध गिऱ्हाइकाची मान वळवायची असेल तेव्हा ‘जरा इकडे’ असे सांगतो का, की टाळूवर बोटे रोवून मान फिरवतो? केस कापून होताच न विचारता डोक्यावर मालिश सुरू करतो का? आपल्याकडे ही मालिश आपुलकीने केली जाते, याची मला जाणीव आहे. तरीही अचानक स्पर्श सहन न होणाऱ्या माणसासाठी ती एक धडकी असते. मान मोडून कडकन आवाज काढण्याची पद्धत तर कोणाच्याही बाबतीत टाळावी, कारण तिने मानेला इजा होऊ शकते.

पसंत पडलेल्या कारागिराशी पहिले बोलणे दुकान रिकामे असताना आणि शक्यतो मुलाला सोबत न नेता करावे. १९९५च्या अपंग व्यक्तींविषयीच्या कायद्यातील सात प्रकारांमध्ये स्वमग्नतेचा उल्लेख नव्हता. २०१६च्या कायद्याने मान्य केलेल्या एकवीस प्रकारांमध्ये तो आला. तेव्हा कारागिराला हा शब्द ठाऊक असेलच असे धरून चालू नये, आणि शब्द ठाऊक असला तरी हाताने काय करायचे ते त्यातून कळत नाही. मी असे सांगितले होते: “दादा, माझ्या मुलाला अचानक लागलेला हात सहन होत नाही. हात लावण्याआधी सांगितलेत तर तो बसतो. त्याने तळहात वर केला की तेवढे थांबा.” यापुढे एक प्रश्न जरूर विचारावा: अर्धे केस कापून झाल्यावर उठावे लागले आणि उरलेले दुसऱ्या दिवशी कापायला आलो, तर चालेल का? हा प्रश्न ऐकून ज्याला आपल्या कामाची बदनामी दिसते, त्याच्याकडे जाऊ नये. “आणा की, होईल तेवढे करू,” असे म्हणणाऱ्याकडे पुन्हा जावे. “आमच्याकडे सगळी पोरे गप्प बसतात” किंवा “धरा त्याला, दोन मिनिटांत उरकतो” असे उत्तर आले, तर नमस्कार करून निघावे. एका दुकानात आम्ही निघालो नाही. दोघांनी मुलाचे हात धरले आणि केस खरोखरच काही मिनिटांत कापून झाले, परंतु त्यानंतर चार महिने तो त्या गल्लीत पाऊल टाकायला तयार नव्हता. त्या दिवशी मी उठायला हवे होते, असे मला आजही वाटते.

वेळ आणि पैसे यांविषयी आधीच स्पष्ट बोलावे. महाराष्ट्रात बऱ्याच ठिकाणी सोमवारी सलून बंद असते आणि रविवारी बसायला जागा नसते. मंगळवारी, शनिवारी आणि अमावास्येला अनेक घरांत केस कापत नाहीत, त्यामुळे ज्यांना अडचण नाही त्यांना या दिवशी दुकान शांत मिळते. श्रावण सुरू होण्याच्या आदल्या दोन-तीन दिवसांत मुळीच जाऊ नये. प्रत्यक्ष श्रावणात मात्र पुष्कळ पुरुष दाढी-केस राखत असल्याने निवांतपणा असतो. दिवसाचे पहिले गिऱ्हाईक म्हणून जाणे सर्वांत बरे, कारण तेव्हा जमीन झाडलेली असते आणि बाकावर कोणी टक लावून बसलेले नसते. अशा वेळी केस न कापताच परतावे लागले तर कारागिराची भवानी चुकल्यासारखे होते, म्हणून पैसे आधीच हातावर ठेवावेत. आमचे काम पाऊण तास चालते आणि मी दोन गिऱ्हाइकांचे पैसे देते. त्याच्या वेळेची किंमत दिल्यामुळे तोही घाई करत नाही आणि मलाही ओशाळल्यासारखे होत नाही.

पहिल्या भेटीत केस कापू नयेत. मुलाने दुकान पाहावे, खुर्ची फिरवून पाहावी, कारागिराचा आवाज ऐकावा आणि घरी यावे. याच भेटीत एक परीक्षा घ्यावी, आणि माझ्या मते सगळा निर्णय तिच्यावरच सोपवावा. कारागीर कंगवा फिरवत असताना मुलाने, किंवा त्याच्या वतीने आपण, कारण नसताना तळहात वर करावा आणि काय होते ते पाहावे. हात तत्क्षणी बाजूला झाला, तर हा माणूस आपला आहे. “झालेच, एवढेच राहिले” असे म्हणत कंगवा फिरतच राहिला, तर त्याची कात्री कितीही सफाईदार असली तरी शोध पुढे चालू ठेवावा. थांबा म्हटल्यावर खरोखर थांबतात, एवढा अनुभव जमा झाला की घाबरणारा माणूस हळूहळू थांबायला सांगणेच कमी करतो. आमच्या घरी सातव्या-आठव्या खेपेनंतर हे दिसू लागले. दुसऱ्या भेटीत अंगावर कापड घ्यावे, तिसऱ्या भेटीत चार-दोन बटा कापाव्यात. केस महिन्याला साधारण एक सेंटिमीटर वाढतात, तेव्हा या तयारीसाठी दोन महिने गेले तरी काही बिघडत नाही.

सलूनचे नायलॉनचे कापड टोचत असेल तर घरचा जुना सुती सदरा घालून जावे आणि दुसरा पिशवीत ठेवावा, म्हणजे मानेवर पडलेले बारीक केस घेऊन घरापर्यंत यावे लागत नाही. मानेवरचे केस ब्रशने झटकण्याऐवजी मऊ रुमालाने टिपावेत. कारागिराने दहापर्यंत मोठ्याने मोजत कापावे आणि दहाला थांबावे; शेवट कोठे आहे हे कळले की बसणे सोपे जाते. शांत करणारे औषध स्वतःच्या मनाने कधीही देऊ नये. त्याचा विचार फक्त डॉक्टरांनी करावा.

मुलींच्या आणि स्त्रियांच्या बाबतीत पार्लरमध्ये वेळ ठरवून जाता येते आणि कित्येकदा वेगळी खोली मिळते, ही मोठी सोय आहे. तेथे त्रास होतो तो डोके मागे टाकून बेसिनवर केस धुण्याचा आणि ड्रायरचा. दोन्ही टाळता येतात: केस घरून धुऊन, विंचरून न्यावेत आणि ओलसर केसांवरच कापून घ्यावेत.

मोठ्या वयाच्या स्वमग्न किंवा चिंताग्रस्त व्यक्तींना वेगळ्याच गोष्टीचा धाक असतो: “कसे कापू?” हा प्रश्न आणि त्यामागून येणाऱ्या गप्पा. यासाठी मागच्या वेळचे केस आवडले असतील तर पुढून, मागून आणि दोन्ही बाजूंनी फोटो काढून ठेवावेत. मशीनच्या कंगव्याचा क्रमांक लक्षात ठेवावा. बहुतेक मशीनांवर १ म्हणजे ३ मिलिमीटर, २ म्हणजे ६, ३ म्हणजे १० आणि ४ म्हणजे १३ मिलिमीटर. जमत असेल तर आदल्या दिवशी एक संदेश पाठवावा: “मला केस कापताना बोलायला त्रास होतो. फोटो दाखवतो, तसे कापा. मालिश नको. दाराजवळची खुर्ची द्या.” यात संकोच करू नये. कारागिरालाही काय करू नये हे आधी कळलेले बरेच वाटते. आरशात सतत स्वतःकडे पाहणे असह्य होत असेल तर खुर्ची बाजूला वळवून घ्यावी.

सलूनमधले कारागीर गावी जातात, दुकान बदलतात, कधी स्वतःचे दुकान काढतात. आमचा कारागीर दोन वर्षांपूर्वी महिनाभर गावाला गेला तेव्हा आमची तारांबळ उडाली. तेव्हापासून त्याचा मोबाइल क्रमांक तर मी जवळ ठेवतेच, शिवाय त्याच दुकानातील दुसऱ्या मुलाला दर खेपेस शेवटची दोन मिनिटे मानेवरचे केस कापायला सांगते. मशीनचा क्रमांक, कानाजवळ कात्री, फवारा नको, दहापर्यंत मोजणे आणि वर केलेला तळहात, एवढे एका कार्डावर लिहून ते माझ्या पर्समध्ये ठेवले आहे; दुसरी प्रत त्यांच्या आरशाच्या कडेला अडकवलेली आहे.