एसव्हीएनवरनं गिटवर प्रोजेक्ट हलवायचाय? आधी नावांची यादी करा, कमांड नंतर

आपल्या कोल्हापुरात अजून बरेच जुने ओपन सोर्स प्रोजेक्ट एसव्हीएनवरच (सबव्हर्जन, कोडमधले बदल नोंदवून ठेवायची जुनी सिस्टिम) पडून आहेत, कुणाचा मराठी स्पेलचेकर, कुणाचं उद्यमनगरातल्या फौंड्र्यांसाठी कास्टिंगचं वजन काढायचं सॉफ्टवेअर, आणि सर्व्हर म्हणजे कुणाच्यातरी दुकानातला जुना पीसी. एसव्हीएनमध्ये सगळी हिस्टरी त्या एकाच मशीनवर, आपल्याकडं फक्त चेकआउट केलेल्या फायली. २०१९ आणि २०२१ ला शाहूपुरीत पाणी शिरलेलं ज्यांनी बघितलंय त्यांना यात काय धोका आहे ते वेगळं सांगायला नको. गिट म्हणजे त्याच कामाची नवी सिस्टिम, तिच्यात साधा क्लोन (प्रोजेक्टची कॉपी) मारला तरी पूर्ण हिस्टरी प्रत्येकाकडं येते. आणि नवीन पोरं सगळी तिकडंच आहेत, जीसीसी या कंपायलरसारखा दांडगा प्रोजेक्ट २०२० च्या जानेवारीत गिटवर गेला, गिटहब या गिट प्रोजेक्ट ठेवायच्या वेबसाइटनं तर २०२४ च्या जानेवारीत एसव्हीएनचा सपोर्टच काढून टाकला.

आता बरेच जण काय करतात, फायली उचलायच्या, नवीन रेपोत (प्रोजेक्ट आणि त्याची हिस्टरी ठेवायची जागा) टाकायच्या आणि 'फर्स्ट कमिट' (कमिट म्हणजे बदलांची एक नोंद) लिहून मोकळं. असलं करू नका राव. कुठली ओळ कुणी कशापायी लिहिली ते सगळं गेलं, आणि ज्यांनी फुकटात वर्षानुवर्षं राबून काम केलं त्यांची नावं पण गेली.

म्हणून पहिलं काम ऑथर्स फाइल. एसव्हीएनमध्ये नुसतं युजरनेम असतं, गिटला नाव आणि ईमेल दोन्ही लागतं. एसव्हीएन लॉगमधनं सगळी युजरनेम काढा, एका ओळीत डावीकडं युजरनेम, मग बरोबरचं चिन्ह, मग पूर्ण नाव आणि कोनी कंसात ईमेल. एकच माणूस तीन नावांनी सापडतो (ऑफिसातनं एक, घरातनं एक, कॉलेजात असतानाचं एक), ते एकत्र करा. फोन लावून विचारा की कुठला ईमेल टाकू, कारण तो एकदा पब्लिक झाला की परत झाकता येत नाही. कुठं 'नो ऑथर' असं पण निघतं, त्याची पण ओळ पाहिजे, फाइलमध्ये नाव नसलं की कन्व्हर्जन तिथंच थांबतं.

मग जुन्या रेपोची लोकल कॉपी करा आणि तिच्यावरनंच गिट एसव्हीएन क्लोन चालवा, नेटवरनं एकेक रिव्हिजन (एसव्हीएनमधला नंबर दिलेला कमिट) ओढत बसलात तर लई वेळ जातो. ट्रंक (मुख्य कोड), ब्रांचेस (वेगळ्या चाललेल्या कामाच्या फांद्या), टॅग्ज (रिलीजच्या खुणा) असे तीन सरळ फोल्डर असतील तर स्टँडर्ड लेआउटचा ऑप्शन पुरतो, नसतील तर कुठं काय आहे ते हातानं सांगायचं. मधेच लाईट गेली तरी घाबरायचं कारण नाही, परत गिट एसव्हीएन फेच म्हटलं की राहिलेल्या ठिकाणावरनं सुरू होतं. मेटाडेटा (प्रत्येक कमिट मेसेजखाली येणारी जुन्या एसव्हीएन नंबरची ओळ) काढून टाकायचा एक ऑप्शन आहे, माझं मत विचाराल तर तो वापरू नका, दिसायला कमिट मेसेज जरा घाण दिसतात पण जुन्या बग रिपोर्टमध्ये 'आर ८४२ मध्ये बिघडलं' असं लिहिलेलं असतं तो नंबर मग शोधता तरी येतो.

टॅग्ज मात्र खरे टॅग म्हणून येत नाहीत, रिमोट ब्रांच म्हणून येतात, ते बदलून घ्यायचे. इग्नोरची यादी (नोंदीत न घ्यायच्या फायलींची) वेगळी काढून गिटइग्नोर फाइलमध्ये टाकायची. रिकामे फोल्डर गिट ठेवतच नाही, बिल्डला लागत असतील तर आत एखादी फाइल टाका.

कुणीतरी कधीतरी सेटअपची फाइल नायतर सीडीची इमेज कमिट केलेली असतेच. गिटहब १०० एमबीच्या वरची फाइल घेत नाही, आणि ती आता डिलीट करून उपयोग नाही कारण हिस्टरीत बसलेली असते, तिला गिट फिल्टर-रेपो (हिस्टरी नव्यानं लिहिणारं टूल) पाहिजे. हे पब्लिक पुशच्या (सर्व्हरवर पाठवायच्या) आधीच करा, नंतर केलं तर सगळे हॅश (कमिटचे ओळख-नंबर) बदलतात आणि ज्यांनी क्लोन घेतलाय त्यांचा नुसता घोळ.

मराठीवाल्यांसाठी एक वेगळं. फाइलची नावं देवनागरीत असतील तर गिट स्टेटसमध्ये नुसते आकडे दिसतात, काही बिघडलेलं नसतं, गिटच्या सेटिंगमध्ये कोअर कोटपाथ फॉल्स करा की नावं नीट दिसतात. जुने कमिट मेसेज शिवाजी फॉन्टवाल्या (युनिकोडच्या आधीच्या) काळातले असतील तर ते कचऱ्यासारखे दिसणार, तसेच राहू द्यात, उगा दुरुस्त करत बसू नका.

पुश करायच्या आधी जुना ट्रंक एक्स्पोर्ट करून नव्याशी डिफ मारा. आपण मुद्दाम टाकलेल्या-काढलेल्या फायली (गिटइग्नोर वगैरे) सोडल्या तर फरक फक्त रिकाम्या फोल्डरचा, एसव्हीएन आपोआप भरायचं त्या आयडी-तारखेच्या कीवर्डचा आणि लाइन एंडिंगचा दिसला पाहिजे. चौथं काही निघालं तर थांबा. जमलं तर टॅगवाल्या रिलीजचं पण असंच तपासा.

बदलायची तारीख जुलै-ऑगस्टात धरू नका, पंचगंगेवरचा राजाराम बंधारा पाण्याखाली गेला की निम्मे लोक वेगळ्याच गडबडीत असतात. ठरल्या दिवशी ट्रंकवर शेवटचा कमिट करा, रीडमीत नवा पत्ता टाका, मग प्री-कमिट हुक (कमिट अडवणारी छोटी स्क्रिप्ट) बसवून जुनं रेपो बंद करा, हुकच्या मेसेजमध्ये पण तोच पत्ता द्या म्हणजे कोण चुकून कमिट करायला गेला तरी त्याला तिथंच कळतं. जुनं रेपो डिलीट मात्र करायचं नाही, फक्त वाचण्यापुरतं ठेवायचं.

आणि जुन्या लोकांना दोन गोष्टी बसून दाखवा. कमिट केलं म्हणजे सर्व्हरवर गेलं असं नाही, पुश करायला लागतंय. दुसरं रिव्हर्ट, एसव्हीएनमध्ये त्यानं आपले न टाकलेले बदल पुसले जायचे, गिटमध्ये तोच शब्द जुना कमिट उलटा करणारा नवीन कमिट बनवतो. पुसायचं असेल तर गिट रिस्टोर.