छपरावरचं सोलार आणि 3 ऑक्टोबर

वेंगुर्ल्यात आमचा काजूचा कारखाना आहे, भावाबरोबर भागीदारीत. छपरावर सोलार बसवताना पॅनेल, इन्व्हर्टर, वॉरंटी सगळं पारखून घेतलं; तारखेकडे मात्र पाहिलं नाही. पहिल्या वर्षीचा निम्मा घसारा, म्हणजे झिजेपोटी नफ्यातून मिळणारी वजावट, त्यातच हुकला. तुमचं तसं होऊ नये म्हणून लिहितेय.

धंद्याच्या सोलारवर आयकरात 40 टक्के घसारा मिळतो, दरवर्षी उरलेल्या किमतीवर. पण पहिल्या वर्षी वापर 180 दिवसांपेक्षा कमी झाला, तर 20 टक्केच. 31 मार्चपासून मागे मोजलं की 3 ऑक्टोबर येतो. आमचं सुरू झालं 9 ऑक्टोबरला! 10 लाखांवर 4 लाखांऐवजी 2 लाख घसारा. भागीदारी फर्मला कर 30 टक्के, म्हणजे त्या वर्षी 60,000 रुपये जास्त गेले, सेस वेगळा. ही वजावट बुडत नाही, पुढच्या वर्षांत मिळत जाते. पण आगाऊ कराचा शेवटचा हप्ता 15 मार्चला, आणि काजू बी घ्यायला रोकड लागते तीही तेव्हाच.

म्हणून काम मृगाआधी उरका. पावसात शेवाळलेल्या पत्र्यावर माणूस चढवू नये, जिवाशी खेळ आहे तो. पुढे गणपतीत कामगार गावी जातात, मग हातात मोजकेच दिवस उरतात. कंत्राटदाराकडून ‘मेअखेर वीज सुरू’ असं करारातच लिहून घ्या. नुसता माल येऊन पडला तर चालत नाही, वापर सुरू व्हायला हवा. त्या दिवशी इन्व्हर्टरवरच्या युनिटांचा तारखेसह फोटो काढा, महावितरणचा मीटर बसवल्याचा कागद त्याच फाइलीत लावा.

उत्पादन करणाऱ्यांना नव्या यंत्रांवर 20 टक्के जादा घसाराही असतो; तुम्ही वैयक्तिक नव्या करप्रणालीत असाल तर मात्र तो नाही.

बिलं नीट वेगळी करा. खाऱ्या हवेसाठी घेतलेला गॅल्व्हनाइज्ड सांगाडा सोलारच्या किमतीत येतो, छपराचे बदललेले पत्रे येत नाहीत. एकाच माणसाला एका दिवसात 10,000 रुपयांवर रोख दिलीत, तर ती रक्कम किमतीत धरत नाहीत. वेल्डरलाही बँकेतूनच द्या. सोलारच्या सामानावर 22 सप्टेंबर 2025 पासून जीएसटी 5 टक्के आहे. त्याचं क्रेडिट घेतलंत, म्हणजे तो आपल्या विक्रीवरच्या जीएसटीतून वळता केलात, तर तीच रक्कम घसाऱ्याच्या किमतीत पुन्हा मिळवू नका.