नाशिकहून मुंबईचे आधुनिक कलादालन पाहायला जाताना

काळा घोडा परिसरातील राष्ट्रीय आधुनिक कला संग्रहालय नाशिककरांना एका दिवसात सहज पाहता येते. मात्र ते सोमवारी बंद असते आणि तेथील प्रदर्शने बदलत असल्याने सध्या काय मांडले आहे याची आधी चौकशी करावी. नाशिक रोडहून सकाळची पंचवटी एक्सप्रेस धरल्यास सीएसएमटीला उतरून तेथून चालत जाता येते. मोठी पिशवी बरोबर नेऊ नये.

१९११ च्या सर कावसजी जहांगीर सभागृहात १९९६ साली हे संग्रहालय सुरू झाले. आतली दालने अर्धवर्तुळाकार असून ती जिन्याने वर चढत घुमटापर्यंत जातात, म्हणून गुडघे दुखणाऱ्यांनी घाई करू नये.

सगळी चित्रे पाहण्याचा हट्ट सोडून चार-पाच चित्रांपुढेच निवांत थांबावे. अमूर्त, म्हणजे ओळखीच्या वस्तू न दाखवणारी चित्रे काढणारे चित्रकार वासुदेव गायतोंडे यांचे एखादे चित्र मांडलेले असेल, तर ‘यात काय काढले आहे?’ हा प्रश्न क्षणभर बाजूला ठेवून ते आधी दुरून पाहावे, मग जवळ जाऊन रोलरने व पॅलेट नाइफने (रंग लावण्याच्या पातळ सुरीने) चढवलेले आणि खरवडलेले रंगांचे थर न्याहाळावेत, आणि शेवटी बाजूला सरकून पृष्ठभागावर तिरपा पडणारा प्रकाश पाहावा. चित्राशेजारची माहितीपट्टी त्यानंतरच वाचावी. आधी वाचली की डोळे आळसावतात, असे माझे मत आहे. चित्राला हात मात्र लावू नये.

वेळ उरल्यास जवळच्या जहांगीर आर्ट गॅलरीतही डोकवावे.