जन्माचा दाखला सापडत नाही? आधी आजोळचं दप्तर बघा

जन्माची नोंद जिथं बाळंतपण झालं तिथं असते, आपण राहतो तिथं नाही. आपल्याकडं पहिलं बाळंतपण माहेरी, त्यामुळं थोरल्या भावंडाची नोंद बहुतेक वेळा आजोळला निघते आणि आपण आपल्याच ग्रामपंचायतीत हेलपाटे घालत बसतो. आमच्या आत्याचंच झालं. गाव तासगावकडचं, आजीचं माहेर खटाव तालुक्यात, आणि आम्ही दोन महिने गावातलीच रजिस्टरं उलटतोय. शेवटी वडूजला तहसीलच्या रेकॉर्ड रूमला अर्ज टाकला तर कोतवाल बुकात, म्हणजे गावच्या जन्ममृत्यूच्या जुन्या वहीत, नोंद निघाली, नाव नाही, नुसतं 'मुलगी', बापाचं नाव आणि तारीख. शाळेत गुरुजींनी 1 जून टाकलेली, जशी निम्म्या गावाला टाकलीय. आत्या म्हणते, "म्हंजे मी वर्षानं धाकटी हाय की!"

तर महाराष्ट्रात जन्म-मृत्यू नोंदणी कायदा 1 एप्रिल 1970 पासून लागू आहे, त्याच्या आधीचा जन्म असेल तर कोतवाल बुक म्हणजे गाव नमुना 14 मागायचा (फार जुनं असेल तर मोडी लिपीत असतं, वाचणारा माणूस शोधा), नंतरचा असेल तर ग्रामपंचायत किंवा नगरपालिका. सोबत पहिल्या शाळेच्या जनरल रजिस्टरचा उतारा काढून ठेवा, तो पुढं सगळीकडं लागतो.

कुठंच नोंद नाही निघाली तर जन्मगावच्या जन्म-मृत्यू निबंधकाकडून आधी 'नोंद नाही' असा अनुपलब्धतेचा दाखला घ्यायचा, त्याशिवाय अर्ज पुढं सरकत नाही. वर्षापेक्षा जास्त उशीर झालेल्या नोंदीला पूर्वी कोर्टाची ऑर्डर लागायची, 1 ऑक्टोबर 2023 पासून ते काम जिल्हाधिकारी, प्रांत किंवा जिल्हाधिकाऱ्यांनी अधिकार दिलेले कार्यकारी दंडाधिकारी करतात. पण मार्च 2025 पासून राज्यात पडताळणी लई कडक केलीय, पोलिसांचा अहवाल मागवतात, नुसत्या प्रतिज्ञापत्रावर काम होत नाही. त्यामुळं एजंट म्हणाला तारीख बसवून देतो, तर त्याच्या नादी लागू नका, शाळेची तारीख एक आणि प्रतिज्ञापत्रात दुसरी असली की अर्ज तिथंच अडकतो.

आणि कागद नाही म्हणजे आपण नागरिक नाही असं घरातल्या म्हाताऱ्यांना कोण तरी सांगून घाबरवतं, तसं नसतं. 26 जानेवारी 1950 ते 30 जून 1987 मध्ये भारतात जन्मलेला माणूस जन्मानंच नागरिक, दाखला हा फक्त पुरावा. त्यानंतरच्यांना आईबापांपैकी एक तरी नागरिक लागतो, 3 डिसेंबर 2004 पासून नियम अजून कडक. उलट आधार कार्ड हातात आहे म्हणून निवांत बसू नका, ते नागरिकत्वाचाही पुरावा नाही आणि जन्मतारखेचाही पक्का नाही.

लहान पोरांचं मात्र लगेच करा. 1 ऑक्टोबर 2023 पासून जन्मलेल्यांना शाळा, लायसन, पासपोर्ट सगळीकडं जन्मदाखलाच लागणार. 21 दिवसांत नोंद फुकट होते, दवाखान्यात जन्म झाला तर कळवायचं काम दवाखान्याचं, घरी झाला तर घरातल्यांचं. वाळव्याच्या उसाच्या फडात पालावर बाळंत झालेल्या बाईची ऊसतोड टोळी पट्टा पडला, म्हणजे हंगाम संपला, की बीडला निघून जाते, नोंद मात्र वाळव्याच्याच त्या गावात व्हायची असते, म्हणून टोळीच्या मुकादमाला म्हणावं गाडी भरायच्या आधी ग्रामपंचायतीत जाऊन ये, आशाताईला सोबत ने, नाव ठरलं नसलं तरी चालतं, ते 15 वर्षांपर्यंत नंतर घालता येतं.